मुलांच्या अपस्माराची अनोळखी रूपे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या प्रसंगी एखाद्या विद्वानाचे अथवा यशस्वी उद्योजकाचे व्याख्यान ठेवावे, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा कार्यकारी मंडळाने तो मान आमच्यासारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकास दिला, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. मात्र आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही वैद्य नव्हे. जुन्या अकरावीचे मॅट्रिक आणि त्यापुढे अध्यापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, एवढीच आमची विद्या. आज जे सांगणार आहोत ते काही डॉक्टरांना वारंवार विचारून, काही वाचून, आणि बरेचसे स्वतःच्या चुकांतून शिकलेले आहे. त्या चुका सांगितल्याविना हा विषय सांगता येणार नाही.

१९८८ साली आम्ही कोकणातील एका खेड्यातील शाळेत चौथीचा वर्ग चालवीत होतो. वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. मुलगा बुद्धीने तरतरीत, पाढे तोंडपाठ, अक्षर वळणदार. परंतु श्रुतलेखन घेतले की त्याच्या वहीत गाळलेल्या शब्दांची रांग लागे. ‘सकाळी आई अंगणात सडा घालते आणि मग तुळशीला पाणी घालते,’ असे आम्ही सांगावे, आणि त्याच्या वहीत ‘सकाळी आई अंगणात तुळशीला पाणी घालते’ असे उतरावे. जे लिहिलेले असे त्यात ऱ्हस्वदीर्घाचीही चूक नसे. मधला तुकडा मात्र कापून काढावा तसा नाहीसा. आम्ही लाल शाईने तेथे खूण करीत असू आणि खाली ‘लक्ष नाही’ असा शेरा देत असू. अशा शेऱ्यांनी ती वही भरून गेली होती.

पुढे आम्ही त्याला बाकावर उभे केले, अंगठे धरावयास लावले. एके दिवशी तो लिहिता लिहिता मध्येच थांबलेला आम्ही स्वतः पाहिला. नजर समोर, पापण्या किंचित फडफडत आहेत, लेखणी कागदावर टेकलेली. ‘मध्येच का थांबलास?’ असे आम्ही विचारले. तो म्हणाला, ‘गुरुजी, मी थांबलोच नाही.’ खोटे बोलतो म्हणून आम्ही त्याच्या हातावर छडी मारली.

तो खोटे बोलत नव्हता. ते दहा-बारा सेकंद त्याच्या लेखी झालेच नव्हते.

याचा उलगडा पुढे दोन महिन्यांनी झाला. शाळेत आरोग्य तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातील तरुण डॉक्टर आले होते. सर्व मुलांचे दात, डोळे, कान तपासून झाल्यावर आम्ही सहज या मुलाची तक्रार त्यांच्या कानावर घातली. त्यांनी वही मागितली, ती चाळली, आणि मग जत्रेत मिळते तसले कागदी भिरभिरे मुलाच्या हाती देऊन ‘मी थांब म्हणेपर्यंत फुंकत राहा’ असे सांगितले. मुलगा जोराने फुंकू लागला. भिरभिरे गरगर फिरू लागले. दीड-दोन मिनिटे झाली असतील, तोच फुंकर थांबली, नजर स्थिर झाली, पापण्या फडफडल्या, आणि भिरभिरे हळूहळू मंद होत थांबले. वर्गातील मुले हसली. डॉक्टरांनी हात वर करून त्यांना गप्प केले. काही क्षणांत मुलाने जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा फुंकावयास सुरुवात केली. डॉक्टर आमच्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, ‘गुरुजी, हे फेफरे आहे.’

आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. फेफरे म्हटले की आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते: माणूस धाडकन कोसळतो, दातखिळी बसते, हातपाय झाडतो, तोंडास फेस येतो, आणि कोणीतरी चप्पल नाहीतर कांदा घेऊन धावत येतो. या मुलाच्या बाबतीत यातील एकही गोष्ट घडली नव्हती. परंतु आपल्या पूर्वजांनी या व्याधीस दिलेले नाव पाहा. चरकसंहितेत अपस्मार या व्याधीचे स्वतंत्र विवेचन आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ स्मृतीचा अपगम, भान निघून जाणे, असा आहे. कोसळणे त्या शब्दात नाही. चित्र आपण मागाहून आपल्या मनाने पक्के केले.

मेंदूतील पेशी परस्परांशी सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने बोलतात. एरवी हे बोलणे बाजारातल्या गलबल्यासारखे वेगवेगळे चाललेले असते. कधी पुष्कळ पेशी एकाच वेळी, एकाच ठेक्यावर ओरडू लागतात. तो झटका. मेंदूचा जो भाग असा ओरडू लागेल त्या भागाचे काम बिघडते. हात हलविणारा भाग असेल तर हात उडतो, बोलण्याचा असेल तर वाचा बसते, पोटाचे व्यवहार पाहणारा असेल तर उलटी होते. म्हणून फेफऱ्याचे रूप एक नाही. हा विद्युद्व्यवहार माणसाच्या डोक्यावरून प्रथम टिपला तो जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली. १९२९ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. आमच्या त्या विद्यार्थ्यास मुंबईस नेऊन असाच आलेख काढण्यात आला, तेव्हा त्यात सेकंदाला तीन या गतीने एकसारख्या टोकदार लहरी दिसल्या. या प्रकारास इंग्रजीत ॲबसेन्स म्हणतात. आम्ही शिक्षक मंडळी हजेरीपटावर लिहितो तोच शब्द. मूल वर्गात असते आणि नसते.

हा प्रकार बहुधा चार ते दहा वर्षांच्या वयात सुरू होतो, झटका पाच ते वीस सेकंद टिकतो, आणि दिवसातून अनेक वेळा, कधी कित्येक डझन वेळाही येतो. मग मुलाच्या कंटाळ्यापासून तो ओळखावा कसा? रोज आरोग्य केंद्रात जाऊन आम्ही त्या डॉक्टरांना पिडीत असू, आणि त्यांनी जे सांगितले ते असे. दिवास्वप्नात रमलेले मूल हाक मारली, खांद्यास हात लावला की भानावर येते. झटक्यातले मूल येत नाही. कंटाळलेले मूल कंटाळवाण्या तासाला हरवते. हे मूल खेळता खेळता, घास तोंडात असताना, स्वतःचेच वाक्य अर्ध्यावर टाकून हरवते. दिवास्वप्न हळूहळू सुरू होते आणि हळूहळू विरते. हा झटका दिवा मालवावा तसा येतो आणि दिवा लावावा तसा जातो. आम्ही एक आठवडाभर फळ्याच्या कोपऱ्यात खडूने रेघा मारून मोजणी केली. प्रार्थनेपासून मधल्या सुट्टीपर्यंत एका दिवशी अकरा रेघा झाल्या. त्याआधी वर्षभर तो मुलगा आमच्या डोळ्यांसमोर होता.

औषध सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्यात वहीतील भोके बुजली. चार वर्षांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते हळूहळू बंदही झाले. या प्रकारातील पुष्कळ मुले वयाबरोबर त्यातून बाहेर पडतात. येथे एक सूचना आवश्यक आहे. फेफऱ्याचे औषध म्हणजे सर्वांना एकच गोळी नव्हे. दुसऱ्या प्रकारांत उत्तम चालणारी काही औषधे या प्रकारात झटके वाढवितात. म्हणून शेजारच्या मुलाची चिठ्ठी घेऊन दुकानातून गोळ्या आणू नयेत.

एवढा धडा मिळाल्यावर आम्ही या बाबतीत शहाणे झालो असू, असा आपला समज होईल. आमचाही होता. २०१६ साली आमच्या स्वतःच्या घरी तो खोटा ठरला.

आमचा नातू तेव्हा पाच महिन्यांचा होता. बाळसेदार आणि हसरा. झोपेतून उठला की त्याची मान एकाएकी खाली झुके, दोन्ही हात पुढे फेकले जात, पाय पोटाशी येत. क्षणभरच. मग पाच-दहा सेकंदांनी पुन्हा तसेच. असे पंधरा-वीस वेळा झाले की तो रडू लागे. घरातील वडीलधाऱ्या बायकांनी पोटशूळ ठरविला. बेंबीभोवती हिंग लावून झाला, ग्राइप वॉटर झाले, घुटी झाली, दृष्टही काढून झाली. सूनबाई मात्र म्हणत राहिली, ‘बाबा, हे पोटाचे नाही. पोट दुखले तर आधी रडेल, मग अंग आखडेल. हा आधी आखडतो आणि मग रडतो. आणि आता तो माझ्याकडे पाहून हसत नाही.’ भगिनींनो, इतके नेमके निरीक्षण आम्ही चौतीस वर्षांच्या नोकरीत क्वचितच ऐकले असेल. त्यावर आमचे उत्तर काय होते? ‘तू पहिलटकरीण आहेस, उगाच घाबरतेस.’

त्यात पाच आठवडे गेले.

या प्रकाराचे वर्णन पहिल्यांदा लिहिले ते एका बापाने. इंग्लंडमधील डॉ. विल्यम जेम्स वेस्ट यांनी १८४१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रास पत्र लिहून आपल्या स्वतःच्या मुलाची हकीकत कळविली. तो मुलगा चार महिन्यांचा होईपर्यंत निरोगी होता; पुढे त्याची मान वारंवार खाली झुकू लागली, झटके वाढत गेले, आणि त्याच्या बुद्धीची वाढ खुंटली. कोणास उपाय ठाऊक असल्यास कळवावा, अशी त्यात विनवणी होती. या झटक्यांना त्या काळच्या एका डॉक्टरांनी ‘सलाम’ हे नाव दिले होते. आपल्या दरबारातला शब्द तेथे गेला, कारण मूल वाकून मुजरा करते आहे असेच दिसते. आज या विकारास वेस्ट यांच्याच नावाने ओळखतात. तो बहुतेक वेळा तीन ते बारा महिन्यांच्या वयात दिसतो. वेस्ट यांच्याजवळ नव्हते ते आज आपल्याजवळ आहे: संप्रेरकांची इंजेक्शने, स्टेरॉइडची औषधे, विगाबॅट्रिन नावाचे औषध. पण त्यांचा उपयोग होण्यासाठी दिवस मोजावे लागतात, महिने नव्हे. तान्ह्या मुलास असे लागोपाठ दचके येत असतील, विशेषतः झोपेतून उठताना, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे जावे.

नातवाचे झटके औषधाने थांबले. तो उशिरा बसला, उशिरा चालला, बोलणे त्याहून उशिरा आले. आज तो शाळेत जातो, आणि त्याच्याजवळ बसून आम्ही अक्षरे गिरवून घेतो. पाच आठवडे लवकर गेलो असतो तर काय झाले असते हे कोणीच सांगू शकत नाही, कारण झटक्यामागील मूळ कारणावरही पुष्कळ अवलंबून असते. सूनबाईने आम्हांस त्याबद्दल एका शब्दानेही दुखविले नाही. हे आम्ही तिच्या अनुमतीने येथे सांगत आहोत.

आता इतर रूपे थोडक्यात सांगतो. तीन ते सहा वर्षांचे मूल रात्री झोपेतून उठते, पांढरे फटक पडते, वारंवार उलट्या करते, आणि त्याचे डोळे एका बाजूस वळून राहतात. हा प्रकार अर्धा तासही चालतो. सर्वांना वाटते, बाहेरचे खाणे बाधले. ग्रीक डॉक्टर पानायोटोपूलोस यांनी हा अपस्माराचा प्रकार असल्याचे दाखवून दिले, आणि त्यांचेच नाव त्यास मिळाले. सुदैवाने असे झटके बहुधा मोजकेच येतात आणि वयाबरोबर थांबतात. थोड्या मोठ्या मुलांत पहाटे गालाची एक बाजू उडते, लाळ गळते, मुलाला सर्व समजत असते पण बोलता येत नाही. भेदरलेल्या डोळ्यांनी ते आईकडे पाहत राहते. हाही प्रकार वाढत्या वयात संपतो. काही मुले झोपेत एकाएकी उठून किंचाळतात, हातपाय आपटतात. गावाकडे त्यांस भगताकडे नेतात. एखादे मूल काहीही विनोद नसता हसत सुटते, आणि त्या हसण्यात आनंद नसतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा गाठीमुळे असे घडू शकते. आपल्या देशाच्या दक्षिण भागात, विशेषतः कर्नाटकात, डोक्यावरून कढत पाणी घेताना येणाऱ्या झटक्यांची पुष्कळ नोंद झालेली आहे. मुलाचे न्हाणीघरात वारंवार भान हरपत असेल तर ‘ऊन लागले’ म्हणून सोडून देऊ नये. आणि जपानात १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरचित्रवाणीवरील एका व्यंगचित्रमालिकेत लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला, तेव्हा साडेसहाशेंहून अधिक जणांना, त्यांत बहुतेक मुले, रुग्णालयात न्यावे लागले होते.

आता तरुण मुलामुलींविषयी. बारा ते अठरा या वयात सकाळी उठल्यावर हात एकदम उडणे, चहाचा पेला हातातून फेकला जाणे, दात घासताना ब्रश निसटणे, असे होऊ लागते. जागरणानंतर ते अधिक होते, म्हणून परीक्षेच्या दिवसांत वाढते. घरात त्या मुलीस ‘धांदरट’ ही पदवी मिळते. एके दिवशी मोठा झटका येतो तेव्हा घर हादरते. पण सूचना वर्षभर आधीपासून मिळत असते. या प्रकारात औषध दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर घ्यावे लागते, मात्र त्याने झटके चांगले आटोक्यात राहतात. मुलींच्या बाबतीत औषधाची निवड पुढील मातृत्वाचा विचार करून करावी लागते. म्हणून ही गोष्ट डॉक्टरांशी उघडपणे बोलावी.

उघडपणे, हा शब्द आम्ही जाणून वापरला. या संस्थेच्या वधूवर नोंदवहीचे काम आम्ही सहा वर्षे पाहिले. त्या काळात एका मुलीचे लग्न गोळ्यांची गोष्ट दडवून झाले. सासरी गोळ्या दिसतील म्हणून तिने त्या एका दिवसात बंद केल्या, आणि चौथ्या दिवशी तिला एकामागून एक झटके येऊन अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. ती वाचली. लग्न मात्र टिकले नाही, आणि ते फेफऱ्यामुळे मोडले असे लोक म्हणतात. आमच्या मते ते लपविण्यामुळे मोडले. कायद्याची स्थिती पुष्कळांना माहीत नसते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके ही विवाहास बाधक गोष्ट ठरविण्यात आली होती. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द वगळण्यात आला. कायद्याच्या पुस्तकातून जे गेले ते आपल्या नोंदवहीतील कुजबुजीतून अद्याप गेलेले नाही. आपल्या ज्ञातीत घरे थोडी, सर्वांना सर्वांची माहिती. त्यामुळे मुलाच्या पहिल्या झटक्यावेळी डॉक्टरचा विचार येण्याआधी ‘कोणाला कळता कामा नये’ हा विचार येतो. मोठ्या बहिणीचे लग्न ठरेपर्यंत धाकट्याची तपासणी लांबविलेली आम्ही पाहिली आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य औषधोपचार मिळाल्यास या व्याधीच्या शंभरांपैकी सत्तर माणसे झटक्यांवाचून जगू शकतात.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर उद्या प्रत्येक आई मुलाच्या पापण्या मोजीत बसेल. हट्टाने रडता रडता श्वास कोंडून निळे पडणारे मूल, उन्हात उभे राहून घेरी येऊन पडणारी मुलगी, सवयीने खांदा उडविणारा मुलगा, यांपैकी बहुतेकांना अपस्मार नसतो. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापात येणारी आकडी हीसुद्धा बहुधा अपस्मार नव्हे, जरी पहिल्या वेळी डॉक्टरांस दाखविणे आवश्यक असले तरी. निदान डॉक्टरांनी करावयाचे आहे. मेंदूचा आलेख एखादे वेळी निर्दोष येऊनही अपस्मार असू शकतो. म्हणून घरच्या माणसाने पाहिलेली हकीकत अत्यंत मोलाची.

आणि येथे आजच्या काळाने आपणांस एक साधन दिले आहे. मुलांच्या हातातील मोबाइलविषयी आम्ही एरवी पुष्कळ कुरकुर करतो. पण झटक्याचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण डॉक्टरांना दाखविले तर एक तासाच्या वर्णनाने जे होत नाही ते होते. संपूर्ण शरीर दिसेल असे चित्रण करावे, मुलास नावाने हाक मारावी, आणि किती वेळ चालले ते पाहावे. सोबत एका वहीत तारीख, वेळ, झोपेत की जागेपणी, आधी काय चालले होते, एवढे लिहावे.

मोठा झटका आलाच तर मुलास एका कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, गळ्याशी कपडा सैल करावा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. चप्पल पायातच राहू द्यावी. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरा आला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. अशा मुलांसाठी नाकात फवारण्याचे औषध मिळते. ते घरी ठेवावे काय हे डॉक्टरांस विचारावे, आणि ठेवले तर शाळेतील गुरुजींना ते दाखवून ठेवावे. गुरुजींना सांगावयास संकोचू नये. आम्हांस कोणी सांगितले नव्हते. अर्थात आम्हीही विचारले नव्हते.

तो भिरभिऱ्याचा विद्यार्थी आता चाळिशी ओलांडून गेला आहे. तालुक्याच्या गावी त्याचे किराणा मालाचे दुकान आहे. आम्ही गेलो की चहा पाजल्याखेरीज सोडीत नाही. छडीची गोष्ट त्याने कधी काढली नाही. एकदा आम्हीच काढली, तेव्हा तो हसून म्हणाला, ‘गुरुजी, मार लक्षात आहे, कशासाठी ते नाही.’

डॉक्टरांनी तपासण्यास मागितलेली त्याची श्रुतलेखनाची वही पुढे आमच्याकडेच राहिली. ती आज आम्ही सोबत आणली आहे. पाने पिवळी पडली आहेत, पण आमच्या लाल शाईचे शेरे स्पष्ट दिसतात. कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी ती व्यासपीठाशेजारच्या टेबलावर ठेवू. ज्या मातापित्यांची मुले शाळेत आहेत आणि जे स्वतः शिक्षक आहेत, त्यांनी ती अवश्य चाळून पाहावी.